संचालकाचे दप्तर आणि संचालकाचे दायित्व : कंपनी अधिनियमातील एका विसंगतीची चिकित्सा

१

२०१३ च्या कंपनी अधिनियमात कलम १६४ आणि कलम १६६ यांच्यामध्ये अवघे एक कलम आहे. पहिले कलम संचालक होण्यास कोण अपात्र ठरतो ते सांगते. दुसरे संचालकाने पदावर असता कसे वागावे ते सांगते. ही दोन्ही कलमे लागोपाठ वाचणाऱ्याची स्वाभाविक अपेक्षा अशी असते की, दुसऱ्या कलमातील कर्तव्यांचा ज्याने भंग केला तो पहिल्या कलमान्वये अपात्र ठरत असेल. प्रत्यक्षात तसे नाही. आणि या न जुळणाऱ्या सांध्यातच आपल्या कंपनी-कायद्याच्या एका मूलभूत वृत्तीचे दर्शन घडते.

कलम १६६ अन्वये संचालकाने सद्भावनेने वागावे, योग्य ती काळजी, कौशल्य व दक्षता बाळगावी, स्वतंत्र निर्णयबुद्धीने काम करावे, कंपनीच्या हिताशी ज्याचे हित भिडते अशा व्यवहारात पडू नये, आणि स्वतःसाठी वा आपल्या आप्तांसाठी गैरवाजवी लाभ मिळवू नये. १९५६ च्या अधिनियमात ही कर्तव्ये अशी एकत्र मांडलेली नव्हती. ती न्यायालयीन निर्णयांतून गोळा करावी लागत. त्यांना प्रथमच संहितेचे रूप आले, हे २०१३ च्या अधिनियमाचे श्रेय निःसंशय होय. परंतु त्यांच्या भंगाबद्दल शिक्षा कोणती, तर १ लाख ते ५ लाख रुपये दंड. कारावास नाही. आता कलम १६४ च्या पहिल्या पोटकलमानुसार एखाद्या अपराधामुळे अपात्रता यावयाची, तर सामान्यतः निदान सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झालेली असली पाहिजे. म्हणजे कलम १६६ चा भंग सिद्ध होऊन दंड भरलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा संचालक होण्यास मोकळा असतो.

याच्या उलट कलम १६४ चे दुसरे पोटकलम पाहावे. ज्या कंपनीने लागोपाठ तीन वित्तीय वर्षे आपली वित्तीय पत्रके अथवा वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे दाखल केले नाही, तिचा संचालक त्या कंपनीत पुनर्नियुक्तीस आणि इतर कोणत्याही कंपनीत नियुक्तीस पाच वर्षे अपात्र ठरतो. येथे खटला नाही, अपराधाची सिद्धता नाही, कारणाची विचारपूस नाही. तीन वर्षे भरली की अपात्रता आपोआप अंगाला चिकटते. कर्तव्यभंगास दंड आणि दप्तरभंगास बहिष्कार, असा हा हिशेब आहे.

२

ही विसंगती केवळ पुस्तकी नाही, हे पाहण्यासाठी मुंबईच्या उपनगरांइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही. अंधेरीतील मरोळची औद्योगिक वसाहत, तिच्या शेजारी १९७३ साली स्थापन झालेले सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोहों बाजूंना पसरलेले कारखाने यांच्या आधाराने लहान खाजगी कंपन्यांचे एक दाट जाळे या भागात विणले गेले. सुटे भाग बनविणारी, वेष्टने पुरविणारी, यंत्रांची दुरुस्ती करणारी, पुढे संगणकाची कामे घेणारी अशी ही मंडळी. पुढच्या काळात या मार्गावरील अनेक कारखाने हलले किंवा बंद पडले आणि त्यांच्या जागी गृहसंकुले व मॉल उभे राहिले. गिऱ्हाईक कारखाना गेला की त्याच्यावर पोसलेली लहान कंपनी व्यवसायाने संपते. कायद्याने मात्र संपत नाही. तिचे नोंदणीकृत कार्यालय बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या राहत्या घरात असते, आणि ते घर जागच्या जागी राहते.

अशा कंपनीची घटना ध्यानात घेण्याजोगी आहे. खाजगी कंपनीस निदान दोन संचालक लागतात. धंदा एकट्याचा असल्याने दुसरे नाव पत्नीचे, भावाचे किंवा वडिलांचे घातले जाते. २०१३ च्या अधिनियमाने एका व्यक्तीच्या कंपनीस मान्यता दिली, तेव्हा ही अडचण तत्त्वतः दूर झाली; परंतु तोवर स्थापन झालेल्या कंपन्यांत सहीपुरत्या संचालिकांची संख्या मोठी होती आणि आजही ती लहान नाही. २००६ साली विवरणपत्रे दाखल करण्याची पद्धत कागदावरून संगणकावर गेली, तेव्हा या सहीचेही स्वरूप पालटले. अंकीय सहीचे साधन बहुधा सनदी लेखापालाच्या कचेरीतील खणात पडून असते. पत्रक इंग्रजीत भरले जाते. आणि जिच्या नावाने ते दाखल होते तिला त्याचा मजकूर ठाऊक असतोच असे नाही. सही आहे, पण हात नाही, अशी ही स्थिती.

कंपनीवर पडणारा वार्षिक भार तसा अनाकलनीय नाही. वित्तीय वर्ष ३१ मार्चला संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेनंतर तीस दिवसांत वित्तीय पत्रके. साठ दिवसांत वार्षिक विवरणपत्र. १ जुलै २०१८ पासून या दोहोंच्या विलंबाबद्दल दर पत्रकास दर दिवशी १०० रुपये अधिक शुल्क पडू लागले आणि त्यास वरची मर्यादा ठेवली नाही. दोन्ही पत्रके एक वर्ष उशिरा गेली तर ७३,००० रुपये होतात. ज्या कंपनीच्या बँक-खात्यात काही हजारही उरलेले नाहीत तिच्या बाबतीत हा आकडा कंपनीने नव्हे, तर घराने सोसावयाचा असतो. २०१९ साली याखेरीज कंपनीने आपल्या नोंदणीकृत कार्यालयाचे आतून व बाहेरून छायाचित्र, त्यात एखादा संचालक किंवा प्रमुख अधिकारी दिसेल असे, सादर करावे अशी आज्ञा निघाली. कंपनी खरोखरीच जागेवर आहे की नाही हे शासनास पाहावयाचे होते. उपनगरातील कित्येक कंपन्यांच्या बाबतीत ते छायाचित्र बैठकीच्या खोलीचेच निघणार, हे त्या आज्ञेने जमेस धरलेले दिसत नाही.

३

या पार्श्वभूमीवर २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात जे घडले त्याकडे पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नाममात्र कंपन्यांमधून पैसा फिरविला गेल्याचा संशय बळावला होता. केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने सुमारे २ लाख २४ हजार कंपन्यांची नावे निबंधकाच्या नोंदवहीतून काढून टाकली, आणि सुमारे ३ लाख ९ हजार संचालक अपात्र ठरल्याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. याद्यांत नाव आलेल्यांचे संचालक-ओळख क्रमांकही निष्क्रिय करण्यात आले.

यांतील किती कंपन्या खरोखर पैसा लपविण्याची पोकळ भांडी होत्या आणि किती केवळ थकून बसलेले लहान धंदे होते, हा भेद कलम १६४ (२) ला करताच येत नव्हता. कारण त्याच्यापाशी मोजण्याचे माप एकच, तीन वर्षांची रिकामी जागा. शिवाय १९५६ च्या अधिनियमात २००० सालच्या दुरुस्तीने या स्वरूपाची जी अपात्रता आली ती फक्त सार्वजनिक कंपन्यांपुरती होती. १ एप्रिल २०१४ पासून ती खाजगी कंपन्यांना लागू झाली. हा बदल किती मोठा होता याची जाणीव बहुसंख्य लहान संचालकांना २०१७ ची यादी पाहूनच झाली असावी. एका निजलेल्या कंपनीमुळे दुसऱ्या, चालत्या, पगार देणाऱ्या, कर भरणाऱ्या कंपनीतील पद धोक्यात आले. ओळख क्रमांकच बंद झाल्यामुळे चालत्या कंपनीची पत्रकेही दाखल करता येईनात. कसूर दुरुस्त करण्याची आज्ञा आणि दुरुस्तीच्या दाराला कुलूप, असा हा प्रकार झाला.

शासनाच्याही हे ध्यानात आले नाही असे नाही. १ जानेवारी २०१८ पासून विलंबमाफीची योजना अमलात आली आणि तीत निष्क्रिय क्रमांक तात्पुरते जागे करण्यात आले. परंतु ज्यांची कंपनीच नोंदवहीतून काढली गेली होती त्यांना तिचा थेट लाभ नव्हता. त्यांनी आधी न्यायाधिकरणाकडे जाऊन कंपनी जिवंत करून घ्यावी आणि मग माफी मागावी, असा क्रम होता. संपलेल्या कंपनीची माफी मिळविण्यासाठी आधी ती पुन्हा उभी करावी, यातील विरोधाभास वेगळा सांगण्याचे कारण नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाचा जो ऊहापोह केला तो उद्बोधक आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली भगवानदास धनंजयदास प्रकरणात ही अपात्रता मागील वर्षांना लावता येत नाही असे सांगून त्या याद्या रद्द केल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ साली यशोधरा श्रॉफ प्रकरणात कलमाची वैधता मान्य केली. मात्र खाजगी कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०१४ पूर्वीची कसूर हिशेबात धरता येणार नाही असे ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मुकुट पाठक प्रकरणात, अपात्रता आली एवढ्यावरून ओळख क्रमांक बंद करण्याचा अधिकार नियमांत नाही, असे म्हटले. या निर्णयांनी अनेकांना दिलासा मिळाला. तथापि त्यांचा रोख बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, बहुतेक वाद कालगणनेभोवती आणि नियमांच्या कक्षेभोवती फिरला. कोणत्या वर्षापासून मोजावे आणि कोणता क्रमांक बंद करावा, यांची उत्तरे मिळाली. संचालकाच्या वर्तनात दोष कोणता होता, हा प्रश्न कलमानेच उपस्थित केलेला नसल्याने न्यायालयांनाही तो मुख्य करता आला नाही.

४

आता चित्राची दुसरी बाजू. लहान कंपनीच्या मौनाबद्दल इतका कठोर असलेला कायदा मोठ्या संस्थेच्या वक्तशीर बोलण्यापुढे किती निष्प्रभ ठरतो, याची दोन उदाहरणे याच उपनगरांत घडली.

पहिले अंधेरीचे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज ही २००५ साली नोंदलेली, अंधेरी पूर्वेत मुख्यालय असलेली कंपनी. फायनॅन्शियल टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे तिचे जवळजवळ सर्व भाग होते. शेतमालाची तत्काळ खरेदी-विक्री घडविण्याचा तिचा घोषित हेतू. प्रत्यक्षात दोन दिवसांनी पुरा होणारा खरेदीचा करार आणि पंचवीस दिवसांनी पुरा होणारा विक्रीचा करार यांची जोडी लावून गुंतवणूकदारास ठरीव परताव्याची हमी वाटावी अशी रचना चालू राहिली. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे १३ हजार व्यापारी-गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले आणि २४ कसूरदार सदस्यांची नावे पुढे आली. ज्या मालाच्या तारणावर हे सारे उभे होते तो माल गोदामांत पुरेसा नव्हता.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ही संस्था विवरणपत्रे न भरल्याबद्दल कोणाच्या नजरेत आली नव्हती. तिचे संचालक मंडळ होते, सभा होत होत्या, हिशेब तपासले जात होते. २०१२-१३ च्या हिशेबांवर लेखापरीक्षकांचा अभिप्रायही मिळालेला होता. त्यावर विसंबू नये असे लेखापरीक्षकांनीच संकट कोसळल्यानंतर कळविले. दप्तर पूर्ण होते. गोदाम रिकामे होते. कलम १६४ (२) सारखी तरतूद अशा ठिकाणी काही पाहू शकत नाही, कारण तिला फक्त रिकामे दप्तरच दिसते.

पुढे केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी तिच्या मूळ कंपनीत विलीन करण्याचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो ग्राह्य धरला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी तो रद्द केला. काही खाजगी गुंतवणूकदारांच्या वसुलीसाठी केलेले विलीनीकरण सार्वजनिक हिताच्या कसोटीस उतरत नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. या विलीनीकरणाने भार कोणावर पडणार होता, तर मूळ कंपनीच्या हजारो भागधारकांवर, ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नव्हता. संचालकांच्या वर्तनाचा प्रश्न वेळेवर आणि नेमकेपणाने सोडविण्याचे साधन हाताशी नसले म्हणजे शासन दुसऱ्या कोणाचा तरी खिसा शोधू लागते, असाच या प्रकरणाचा अर्थ लावावा लागतो. १,९५० कोटी रुपयांच्या तडजोडीच्या योजनेपर्यंत हे प्रकरण येण्यास बारा वर्षे लागली.

दुसरे उदाहरण भांडुपचे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही कंपनी नव्हे, बहुराज्य सहकारी संस्था होती आणि तिच्या संचालकांना लागू असलेला कायदाही वेगळा होता. परंतु संचालकपदाचा प्रश्न तोच आहे. या बँकेचे ३१ मार्च २०१९ अखेरचे वार्षिक वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा तीत ठेवी ११,६०० कोटी रुपयांहून अधिक, कर्जे सुमारे ८,३८३ कोटी रुपये आणि ढोबळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण ३.७६ टक्के असे दाखविले होते. सहा महिने लोटले नाहीत तोच, २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारास आपल्या खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील असे ठरविले. गृहबांधणी क्षेत्रातील एकाच उद्योगसमूहाकडे ६,५०० कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे एकूण कर्जांच्या सुमारे ७३ टक्के रक्कम गुंतल्याचे बँकेच्या व्यवस्थापनाने रिझर्व्ह बँकेस कळविले. ती कर्जे झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविल्याचा आरोप पोलिसांतील फिर्यादीत करण्यात आला. मुलुंड, भांडुप, घाटकोपर भागांतील पेन्शनर, दुकानदार, गृहनिर्माण संस्था यांच्या ठेवी त्या दिवशी अडकल्या. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु पाच लाखांवरील ठेवींच्या परतफेडीस दहा वर्षांपर्यंतची मुदत पडली.

येथेही वृत्त वेळेवर निघाले होते. ३.७६ टक्के हा आकडा दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत नेमका होता. विवरणाची नेमकी भाषा ही सत्यतेची हमी नसते, हा धडा त्या ठेवीदारांनी फार मोठी फी भरून घेतला.

५

विवरणाच्या भाषेचा हा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहण्याजोगा आहे. अधिनियमाच्या कलम १३४ (५) नुसार संचालक मंडळाच्या अहवालात 'संचालकांच्या जबाबदारीचे निवेदन' असावे लागते. लेखांकनाच्या मानकांचे पालन केले. निवडलेली धोरणे सातत्याने अनुसरली. मालमत्तेच्या रक्षणासाठी आणि लबाडी टाळण्यासाठी योग्य व पुरेशी काळजी घेतली. कंपनी चालती राहील या गृहीतावर हिशेब केले, अशी विधाने त्यात करावयाची असतात. विधीचा हेतू असा की संचालकाने स्वतः विचार करावा आणि मग ग्वाही द्यावी. परंतु विधीने ग्वाहीचे शब्दही स्वतःच पुरविले. परिणामी देशातील लहानमोठ्या सर्व कंपन्यांच्या अहवालांत कलमाचे शब्द आणि निवेदनाचे शब्द जवळजवळ एकच झाले. पाच माणसांच्या अंधेरीतील कारखान्याचे निवेदन आणि हजारो कोटींच्या उलाढालीच्या कंपनीचे निवेदन शेजारी ठेवले, तर नावाखेरीज फरक सापडणे कठीण.

ज्या वाक्यात लिहिणाऱ्याला एकही शब्द निवडावा लागत नाही, त्या वाक्याची जबाबदारी त्याच्या मनावर येत नाही. संध्येतील मंत्र अर्थ न कळता म्हणावा तसे हे निवेदन म्हटले जाते. खोट्या निवेदनाबद्दल कलम ४४८ आहे, लबाडीबद्दल कलम ४४७ आहे आणि तेथील शिक्षा दहा वर्षांच्या कारावासापर्यंत जाते, हे खरे. परंतु ती वाट खटल्याची, आणि म्हणून दीर्घ काळाची आहे. तिच्या शेवटास पोहोचेपर्यंत संचालक संचालकच राहू शकतो. ज्याने काहीच सांगितले नाही त्याची अपात्रता तीन वर्षे भरताच येते. ज्याने असत्य सांगितले त्याची अपात्रता अंतिम शिक्षेची वाट पाहते.

६

या संदर्भात प्राप्तिकराच्या कायद्याशी तुलना केली असता एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. कर-कायदा हा सर्वसामान्यांच्या समजुतीत निर्दय. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाचे कलम १७९ खाजगी कंपनीच्या संचालकास खरोखरीच भयप्रद होते. कंपनीकडून कराची रक्कम वसूल होत नसेल, तर त्या काळात जे संचालक होते ते सर्व ती रक्कम एकत्रितपणे व प्रत्येकी देण्यास बांधील ठरत. आरंभी ही तरतूद विसर्जित होणाऱ्या कंपन्यांपुरती होती. १९७५ च्या दुरुस्तीने ती सर्व खाजगी कंपन्यांना लागू झाली. मर्यादित दायित्वाचा पडदा या ठिकाणी कायदाच बाजूला सारतो.

तथापि याच कलमात संचालकास एक बचाव दिला होता. वसुली न होणे हे आपल्या घोर निष्काळजीपणामुळे, गैरकृत्यामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे घडलेले नाही, असे त्याने सिद्ध केले की तो सुटतो. सिद्धतेचा भार त्याच्यावर आहे, हे अन्यायाचे वाटू शकेल. परंतु प्रश्न मात्र वर्तनाचा आहे. कंपनीकडून वसुलीचे कोणते प्रयत्न झाले ते खात्याने आधी दाखवावे, असा दंडक मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिला. पगारातून किंवा देयकातून कापलेला कर सरकारजमा न केल्याबद्दल जो फौजदारी अपराध होतो, त्यातही अपराध आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व दक्षता घेतली, असे सिद्ध करण्याची संधी कलम २७८ब ने संचालकास दिली होती.

म्हणजे प्राप्तिकर कायदा विचारतो, 'तू काय केलेस?' कंपनी कायदा विचारतो, 'तुझा कागद आला काय?' सहीपुरत्या संचालिकेच्या दृष्टीने हा भेद साधा नाही. करखात्यापुढे ती निदान उभी राहून सांगू शकते की व्यवहार आपल्या हाती नव्हता. आणि हे सांगताना आपण संचालक म्हणून काय करावयास हवे होते, या प्रश्नासही तिला सामोरे जावे लागते. कलम १६४ (२) पुढे ती काही सांगू शकत नाही आणि तिला काही विचारलेही जात नाही. यात तिच्यावर अन्याय आहेच. पण संचालकपदाचाही त्यात अवमान आहे, कारण ज्या पदाच्या धारकाला कधी जाब विचारला जात नाही, ते पद केवळ सहीचे ठिकाण होऊन बसते.

७

या टीकेवर एक सबळ आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. मर्यादित दायित्व हे समाजाने व्यापाऱ्यास दिलेले मोठे वरदान आहे. धंदा बुडाला तरी घर बुडत नाही, या सवलतीचा मोबदला म्हणून कंपनीने आपली स्थिती जगासमोर मांडली पाहिजे. कच्चा माल उधार देणारा घाटकोपरचा व्यापारी निबंधकाच्या नोंदी पाहूनच आपला विश्वास किती ठेवावा हे ठरवितो. मुंबईने १८६५ सालीच, कापसाच्या तेजीत निघालेल्या कागदी कंपन्या कोसळताना आणि पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बे मोडताना, या विश्वासाची किंमत अनुभवली आहे. तेव्हा विवरणपत्र हे क्षुल्लक दप्तर नव्हे. ते सार्वजनिक हक्काचे साधन आहे. शिवाय कागद आला की नाही हे निर्विवाद ठरविता येते, वर्तन ठरविण्यास वेळ लागतो. म्हणून निर्विवाद गोष्टीवर तत्काळ परिणाम आणि विवाद्य गोष्टीवर चौकशी, ही विभागणी तर्कशुद्धच आहे.

हा आक्षेप अर्धा मान्य केला पाहिजे. दाखल करण्याचे कर्तव्य शिथिल व्हावे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. विलंबाबद्दल शुल्क असावे, दंडही असावा. प्रश्न आहे तो अपात्रतेचा. अपात्रता ही वसुली नव्हे. ती व्यक्तीविषयी केलेले विधान आहे. हा मनुष्य दुसऱ्याचा पैसा सांभाळण्यास योग्य नाही, असे ते विधान आहे. असे विधान करण्यापूर्वी त्या मनुष्याविषयी काहीतरी जाणून घेणे क्रमप्राप्त ठरते. दुसरे असे की, निर्विवाद गोष्टीवर कायद्याचा सारा भर पडला, तर कायद्याचे लक्षही तिकडेच वळते. मोजता येते तेच महत्त्वाचे, असा समज शासनात व संचालकांत सारखाच रुजतो. आणि सर्व कागद वेळेवर भरणारा तो सचोटीचा, हे समीकरण नकळत मान्य होते. अंधेरी आणि भांडुप येथील प्रकरणांत हेच समीकरण फसले.

इंग्लंडच्या १९८६ च्या संचालक अपात्रता अधिनियमाने हा पेच अधिक विवेकाने सोडविला आहे. तेथेही विवरणपत्रांत वारंवार कसूर करणाऱ्यास अपात्र ठरविता येते. परंतु तो आदेश न्यायालय देते आणि त्याची कमाल मर्यादा पाच वर्षे आहे. बुडालेल्या कंपनीच्या संचालकाचे वर्तन त्यास अयोग्य ठरविते असे न्यायालयास वाटले, तर मात्र अपात्रता किमान दोन आणि कमाल पंधरा वर्षांची असते. दप्तराची कसूर हलकी आणि वर्तनाची कसूर जड, असा तेथील तोल आहे. भारतीय कायद्यात हाच तोल उलटा पडला आहे.

८

यावरून सुधारणेची दिशा स्पष्ट होते. पहिली गोष्ट, कलम १६४ (२) खालील अपात्रता येण्यापूर्वी प्रत्येक संचालकास स्वतंत्र सूचना मिळावी आणि कसूर भरून काढण्यास मुदत असावी. २०१७ च्या दुरुस्तीने कसूरदार कंपनीत नव्याने आलेल्या संचालकास सहा महिन्यांची सवलत दिलीच आहे. तेच तत्त्व विस्तारण्यास अडचण दिसत नाही. दुसरी गोष्ट, व्यवहार न केलेल्या आणि कोणाचे देणे न राहिलेल्या कंपनीस सन्मानाने संपण्याची स्वस्त वाट असावी. निद्रिस्त कंपनीचा दर्जा आणि स्वेच्छेने नाव काढून घेण्याची सोय अधिनियमात आहे, परंतु थकलेली पत्रके आणि शुल्क चुकते केल्यावाचून ती वाट खुली होत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कलम १६६ चा गंभीर भंग न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाल्यास तेच अपात्रतेचे कारण ठरावे, मग कारावासाची शिक्षा झालेली असो वा नसो. जोवर हे होत नाही तोवर कर्तव्यांची ती सुंदर यादी अधिनियमातील सुभाषित म्हणूनच राहील.

संचालक हा शब्दच चालविणाऱ्याचा आहे. जो चालवितो त्याला दिशेविषयी विचारले पाहिजे. केवळ रोजनिशी वेळेवर लिहिली काय, एवढेच विचारून भागत नाही. बोरिवलीतील बंद कारखान्याच्या संचालिकेला तिच्या मौनाचा जाब द्यावा लागतो, तसा भांडुपच्या ठेवीदारांपुढे ३.७६ टक्क्यांचा आकडा ठेवणाऱ्यांनाही त्यांच्या बोलण्याचा जाब तितक्याच तत्परतेने द्यावा लागेल, तेव्हाच कलम १६४ आणि कलम १६६ यांच्यातील अंतर खऱ्या अर्थाने एका कलमाचे उरेल.